पुरुषाचा पोशाख



पुरुषानें चांगला पोशाख करावा म्हणजे नेमकें काय करावें, असें विचारलें तर कोणी कापडाचें नांव सांगेल, कोणी शिंप्याचें. मला मात्र १८८८ सालांतले दोन प्रसंग आठवतात.

त्या वर्षीं मार्च महिन्यांत पुण्यास हरी रावजी चिपळूणकर ह्यांनीं ड्यूक ऑफ कॅनॉट ह्यांना मेजवानी दिली. निमंत्रित मंडळी उंची वस्त्रें व दागिने लेवून आली होती. तेथें जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेषांत, खांद्यावर घोंगडी टाकून आले. त्यांनीं राजपुत्रास बजावलें कीं, ही झगमगणारी मंडळी म्हणजे हिंदुस्थान नव्हे. खरी प्रजा पाहावयाची असेल तर खेड्यांत जावें. जोतीराव बांधकामाचे ठेके घेत असत. चांगलें वस्त्र त्यांना परवडत नव्हतें, असें मुळींच नाहीं. ज्यांना त्या मेजवानीचें बोलावणें नव्हतें, त्यांचा वेष ते तेथें घेऊन गेले.

त्याच वर्षीं सप्टेंबरांत एक अठरा वर्षांचा काठेवाडी तरुण बॅरिस्टर होण्यासाठीं मुंबईहून विलायतेस निघाला. बोटीवरून उतरतांना घालण्यासाठीं त्यानें पांढरा फ्लॅनेलचा पोशाख जपून ठेवला होता; उतरून पाहतो तों पांढऱ्या कपड्यांत तो एकटाच! ती लाज भरून काढण्यासाठींच कीं काय, पुढें त्यानें एकोणीस शिलिंगांची उंच टोपी घेतली, बाँड स्ट्रीटवर दहा पौंडांचा सूट शिवविला आणि गळपट्टा बांधण्यांत रोज दहा मिनिटें आरशासमोर घालविलीं. हें सारें गांधींनीं स्वतःच आत्मचरित्रांत लिहून ठेवलें आहे. पुढें २२ सप्टेंबर १९२१ रोजीं मदुराईस त्यांनीं पंचा धारण केला. विदेशी कापड टाकावयास सांगावें, तर गरिबाला पुरेशी खादी घेणें परवडत नाहीं. मग आपण अंगभर वस्त्र कोणत्या तोंडानें ल्यावें, असा तो पेंच होता.

ह्यावरून साधेपणा म्हणजेच चांगला पोशाख, असा निष्कर्ष काढावासा वाटतो. पण तो घाईचा होईल. मनुस्मृतीनें चांडाळांना मृतांच्या अंगावरचीं वस्त्रें नेमून दिलीं होतीं. त्या ग्रंथाचें दहन २५ डिसेंबर १९२७ रोजीं महाडास डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं झालें. आंबेडकर नीट बेतलेला सूट वापरीत, आणि त्यांत कोणाचें अनुकरण पाहणें हें उथळपणाचें लक्षण होय. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या चांगल्या वस्त्राचीच बंदी होती, त्यांना वस्त्रत्यागाचा उपदेश कसा करावा? टाकण्यासाठीं आधीं जवळ कांहीं असावें लागतें. गांवोगांवच्या चौकांत उभ्या असलेल्या त्यांच्या पुतळ्याचा निळा सूट म्हणूनच निव्वळ सूट राहिलेला नाहीं.

तेव्हां आरशासमोर दहा मिनिटें खुशाल घालवावीं. सदरा स्वच्छ असावा, बटणें शाबूत असावीं, जोड्यांस पॉलिश असावें. ह्यांत हयगय करणें हा समोरच्याचा अनादर आहे. पण आरशापासून दूर होण्यापूर्वीं स्वतःस एवढें विचारावें कीं, ह्या वेषांत मी कोणापुढें उभा राहणार आहें, आणि कोणाच्या वतीनें? त्या तिघांचीं वस्त्रें निरनिराळीं होतीं. पण तिघांनींही तीं ह्याच प्रश्नाच्या उत्तरादाखल अंगावर चढविलीं होतीं.