शुद्धिपत्राचा शोध : कायनेटोप्लास्टच्या संशोधनाचा इतिहास

दोन पोथ्यांत एकाच स्थळी एकच चूक आढळली, तर त्या एकाच मूळ प्रतीवरून उतरल्या असाव्यात, असे अनुमान पाठचिकित्सक करतो. परंतु मुळात ती चूकच नसेल तर? जीवशास्त्रात हा प्रश्न एका परोपजीवी जीवाने उभा केला.

ट्रिपॅनोसोमा ब्रुसी हा एकपेशीय जीव आफ्रिकेतील निद्रारोगास कारण होतो. त्याच्या एकमेव तंतुकणिकेतील डी.एन.ए. कायनेटोप्लास्ट या भागात एकवटलेले असते. चिलखताच्या कड्यांप्रमाणे परस्परांत गुंतलेली काही डझन मोठी व हजारो लहान वर्तुळे, अशी त्याची रचना आहे. मोठ्या वर्तुळांवर श्वसनास आवश्यक अशी जनुके आढळली. लहान वर्तुळांचे प्रयोजन मात्र दीर्घकाळ उमगले नाही.

मोठ्या वर्तुळावरील एका जनुकाची अक्षरे लावून पाहता वाचनाची चौकट मध्येच मोडलेली दिसली. क्रिथिडिया या आप्त जीवातही तोच दोष त्याच स्थळी होता. १९८६ साली ॲम्स्टरडॅम येथे रॉब बेने व त्यांच्या सहकाऱ्यांनी या जनुकाची आर.एन.ए. प्रत तपासली. तीत डी.एन.ए.मध्ये नसलेली चार युरिडिने होती व त्यांनीच चौकट सांधली होती. १९८८ साली सिॲटल येथील केनेथ स्टुअर्ट यांच्या गटाने दुसऱ्या एका जनुकाच्या प्रतीत निम्म्याहून अधिक अक्षरे अशीच मागाहून भरलेली असल्याचे दाखविले. प्रतीतील प्रत्येक अक्षर जनुकात असतेच, हा समज येथे कोसळला.

ही दुरुस्ती कशाच्या आधारे होते? १९९० साली लॉस एंजेलिस येथे लॅरी सिम्प्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी लेश्मानियाच्या एका जातीत मार्गदर्शक आर.एन.ए.चे छोटे रेणू शोधून काढले. त्यांपैकी बहुतेक लहान वर्तुळांवरून उतरतात, असे पुढे निष्पन्न झाले. निरर्थक भासलेली वर्तुळे ही वस्तुतः शुद्धिपत्रे होती.

या शुद्धिपत्रावर रोगजंतूचे जीवित अवलंबून असते. दुरुस्ती करणारे एक विकर थांबविले असता ट्रिपॅनोसोमा ब्रुसी मरतो, हे २००१ साली सिद्ध झाले. मानवी पेशीत अशी युरिडिन-भरणी नसल्यामुळे औषधशोधकांचे लक्ष तिकडे वळले.

याच कुळातील एक जीव मात्र वेगळ्या वाटेने गेला. ग्रिफिथ इव्हान्स यांना १८८० साली पंजाबातील घोड्यांच्या व उंटांच्या रक्तात सापडलेला, सर्रा रोगाचा जंतू मोठी वर्तुळे गमावून बसला आहे. त्यामुळे त्सेत्से माशीच्या देहात त्याची वाढ होत नाही. इतर चावऱ्या माश्या त्याला एका जनावराकडून दुसऱ्याकडे नेतात; म्हणूनच तो आफ्रिकेतील त्सेत्सेच्या प्रदेशाबाहेर, भारतापर्यंत पसरू शकला. मूळ ग्रंथ गमावूनही त्याचा प्रसार खुंटला नाही, उलट वाढला.