कळलावी : गोंदिया परिसरातील घरगुती लागवड
कळलावी : (हिं. कलिहारी, सं. लांगली, अग्निशिखा, लॅ. ग्लोरिओसा सुपर्बा, कुल – कोल्चिकेसी). कंदापासून दरवर्षी नव्याने फुटणारी बहुवर्षायू वेल. लिनियसने १७५३ मध्ये तिचे शास्त्रीय नामकरण केले. उष्ण आशिया व आफ्रिकेत ती आढळते. तिचे फूल तामिळनाडूचे राज्यपुष्प आहे. पूर्व विदर्भाच्या पानझडी जंगलात बांबूच्या बेटांच्या कडेने व झुडपांवर ती पावसाळ्यात चढलेली दिसते. फुलाच्या सहा पाकळ्या उमलताना हिरवट-पिवळ्या असतात, नंतर मागे वळून कडांना चुण्या पडतात आणि उतरता उतरता पूर्ण लाल होतात. एकाच वेलीवर या सगळ्या छटा एकदम पाहायला मिळतात. परसबागेसाठी इतकी देखणी देशी वेल दुसरी क्वचितच असेल.

गोंदिया जिल्ह्याचे हवामान तिला जसेच्या तसे मानवते. धानाचे पऱ्हे टाकायच्या सुमारास कंद जागा होतो, रोवणी आटोपताना कळ्या धरतात आणि भारी धान कापणीला येईतो वेल पिवळी पडून वाळते. त्यानंतर पावसापर्यंत कंद जमिनीत झोपलेला असतो. या काळात त्याला पाणी नको. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की सांदवाडीतल्या (परसबागेतल्या) सगळ्याच झाडांना पाणी दिले जाते, आणि कळलावीचे कंद सडतात ते बहुधा याच पाण्याने. म्हणून तिची जागा रोजच्या पाण्यापासून दूर, वेगळी असावी.

अभिवृद्धी मुख्यतः कंदापासून होते. कंद बोटाएवढा जाड, दोन फाट्यांचा, नांगराच्या आकाराचा असतो. कोंब फुटणारा डोळा फक्त फाट्याच्या टोकाला असतो. इतर काही कंदांसारखे डोळे सर्वांगावर नसतात. टोक मोडले की तो फाटा वाया गेला. त्यामुळे कंद कुदळीने न खणता बाजूची माती हाताने मोकळी करून काढावा. मधल्या कोपऱ्यात स्वच्छ सुरीने कापल्यास दोन्ही फाटे स्वतंत्रपणे रुजतात. कापलेल्या जागेला राख लावून एक-दोन दिवस सावलीत सुकू द्यावे. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत तीन-चार इंच खोल, आडवा आणि टोक किंचित वर ठेवून लावावा. हंगामात जुना कंद आटतो व त्याच्या जागी नवा दोन फाट्यांचा कंद तयार होतो. म्हणजे दरवर्षी वाटून लावण्याची सोय वेलच करून देते.

माती निचऱ्याची हवी. सिहार (रेतीमिश्रित) किंवा बरड (मुरमाड) जमीन चांगली. कन्हारीत (काळ्या भारी जमिनीत) पाणी साचते, तेथे शेणखत व रेती मिसळून उंच वाफा करावा. पानाच्या टोकाचा तणावा बारीक असल्याने जाड बांबूला किंवा लोखंडी जाळीच्या जाड गजांना तो वेढा घालू शकत नाही. धानाच्या बांधीच्या धुऱ्यावरील तुरीच्या वाळलेल्या तुराट्या रोवल्या, तर वेल आपणच चढत जाते.

बियांचा मार्ग लांबचा आहे. फुलातील परागवाहिनी तळाशीच काटकोनात बाहेर वळलेली असते, त्यामुळे पराग आपोआप कुक्षीवर सहसा पडत नाही. फुलपाखरे कमी असतील तर मऊ कुंचल्याने एका वेलीचे पराग दुसरीच्या कुक्षीला लावावेत. बोंड तडकल्यावर आतले नारिंगी-लाल दाणे काढून सुकवावेत. उगवण मंद व मागेपुढे होते. पहिल्या वर्षी कंद जेमतेम वाटाण्याएवढा होतो आणि फूल तिसऱ्या-चौथ्या वर्षी येते. तरीही थोडे बी लावत राहावे. नुसत्या कंदांवर वाढवलेल्या सगळ्या वेली मूळच्या एकाच वेलीच्या प्रती असतात आणि कंदकुजीसारख्या रोगाला एकदम बळी पडू शकतात.

रोपसामग्री जंगलातून उपटून आणू नये. नवेगाव राष्ट्रीय उद्यान व नागझिरा अभयारण्य २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्पात आहेत, आणि तेथून परवान्याशिवाय वनस्पती काढणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमान्वये गुन्हा ठरते. औषधासाठी होणाऱ्या खणणीमुळे अनेक ठिकाणी रानातली कळलावी विरळ झाली आहे. ज्याच्या घरी आधीच वेल आहे त्याच्याकडून एक फाटा मागून घेणे हाच योग्य मार्ग होय.

वेलीचे सर्व भाग विषारी असून कंद व बिया अधिक घातक आहेत. त्यांतील कोल्चिसीन हे द्रव्य गाऊटवरील औषधात आणि वनस्पतींची गुणसूत्रे दुप्पट करण्यासाठी वापरतात. त्यासाठी तामिळनाडूत बियांची शेती होते. कंद रताळे समजून खाल्ल्याने मृत्यू झाले आहेत. पोटात गेल्यास काही तासांनी उलट्या व जुलाब सुरू होतात. लक्षणांची वाट न पाहता रुग्णालयात न्यावे, घरगुती उपायात वेळ घालवू नये. कंद हाताळताना हातमोजे घालावेत. लहान मुले किंवा गुरे-शेळ्या असलेल्या घरी वेल कुंपणाआड लावावी. साठवणीचे कंद कोरड्या रेतीत, नाव लिहिलेल्या व तोंड बांधलेल्या मडक्यात, स्वयंपाकघरातील रताळी-सुरणापासून दूर ठेवावेत.