वस्तू क्रमांक १४

स्नेहमेळाव्याच्या निमित्ताने शाळेच्या जुन्या वस्तूंचे प्रदर्शन भरवायचे ठरले आणि जुन्या कौलारू इमारतीतली अडगळीची खोली उघडण्याचे काम आमच्या बॅचकडे आले. दोन रविवार आम्ही सातजण तिथे होतो. पितळी घंटा, तुटका पृथ्वीगोल, दौती, हार्मोनियमचा भाता अशा वस्तू निघाल्या, त्यांची यादी झाली, प्रत्येकीपुढे नाव लिहिले. फक्त वस्तू क्रमांक १४ पुढची जागा कोरी राहिली.

ती वस्तू म्हणजे एक लाकडी गोल ठोकळा. व्यास चार इंच, उंची तीन इंच. वरच्या अंगाला करवतीने मारलेल्या, एकमेकींना बरोबर मध्यावर छेदणाऱ्या दोन बारीक खाचा, दीड इंच खोल. तळाला एक भोक, भोकाच्या तोंडाशी लोखंडी कडे. ज्या पत्र्याच्या पेटीत तो सापडला तिच्यावर पुसट अक्षरांत ‘शेतकी’ एवढेच लिहिलेले होते. शाळेत एकेकाळी शेतकीचा वर्ग होता हे आम्ही ऐकून होतो, पण आमच्या आधीच तो बंद झाला होता.

अंदाजांना तोटा नव्हता. एका मैत्रिणीला ती ताक घुसळायच्या रवीची बोंडी वाटली. एकाने झेंड्याच्या काठीचा शेंडा म्हणून सांगितले. शिपाईमामा म्हणाले, “साहेब, बिनआरीचा भोवरा असंल.” शेवटी कोणीतरी म्हणाले, “नाव सापडत नसेल तर ठेवायचं कशाला? भंगारात टाका.” मी तो ठोकळा पिशवीत घालून घरी आणला.

आपल्या इतिहासाच्या सरांची एक सवय सर्वांना आठवत असेल. उत्तर माहीत नसेल तर ते विचारायचे, “काय नाही, ते आधी सांग.” मी तसेच केले. रवी म्हणावी तर लाकडात स्निग्धपणाचा मागमूस नव्हता आणि कडाही गोल झिजलेल्या नव्हत्या. झेंड्याच्या शेंड्याला खाचांची गरज काय? भोवरा म्हणावा तर तळाचे भोक काठी बसेल एवढे मोठे होते. कड्याच्या आतली बाजू मात्र झिजून गुळगुळीत झाली होती. म्हणजे ठोकळा काठीवर बसवत होते आणि पुन्हा पुन्हा काढत होते.

खाचांची गोष्ट उलटी होती. त्या जराही झिजलेल्या नव्हत्या. दोरी, तार, पाते काहीही त्यांतून ओढले असते तर कडा खाल्ल्या गेल्या असत्या. नातीच्या कंपासपेटीतला गुण्या काढून दोन्ही खाचांमधला कोन पाहिला. चारही बाजूंनी चोख ९० अंश. ज्याने हे केले त्याला काटकोन हवा होता, आणि त्या काटकोनातून कुठलीही वस्तू जाणार नव्हती. मी ठोकळा डोळ्यासमोर धरला. एका खाचेतून समोरच्या इमारतीचा कोपरा दिसला, मान वळवून दुसऱ्या खाचेतून पाहिले तर रस्त्यापलीकडचा विजेचा खांब. हे हाताचे अवजार नव्हते, नजरेचे होते.

पुढच्या रविवारी मी शेतकीची पेटी पुन्हा उपसली. तिच्यातली एक गंजकी साखळी आम्ही ‘विहिरीची साखळी’ म्हणून यादीत घालून मोकळे झालो होतो. पण विहिरीच्या साखळीला दोन्ही टोकांना पितळी मुठी कशाला? शिवाय तिला ठरावीक अंतराने पितळी पट्ट्या लावलेल्या होत्या. काही गळून पडल्या होत्या. उरलेल्या शेजारच्या दोन पट्ट्यांत पावणेपंचवीस इंच भरले. हे ना हाताचे माप, ना वाराचे. एकूण भाग मोजले तर १६. गुणाकार केला. ३९६ इंच, म्हणजे ३३ फूट.

आमच्यातला एक पूर्वी शाळेच्या संघाचा यष्टिरक्षक. तो म्हणाला, “तेहतीसच्या दुप्पट सहासष्ट. सहासष्ट फूट म्हणजे बावीस यार्ड, आपलं पिच!” साखळी मैदानावर नेली. एका बाजूच्या यष्ट्यांपासून दुसऱ्या बाजूच्या यष्ट्यांपर्यंत ती बरोबर दोनदा बसली. त्यात योगायोग काही नव्हता. एडमंड गंटर या इंग्रज गणितज्ञाने १६२० च्या सुमारास जमीन मोजण्यासाठी ६६ फुटांची साखळी प्रचारात आणली आणि क्रिकेटच्या खेळपट्टीची लांबी तेवढीच आहे. आपल्याकडची साखळी तिच्या निम्मी.

आता कोणाला विचारायचे ते कळले. मागच्या बाकावर बसणारा आमचा एक मित्र भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होता. गणितात तो दोनदा नापास झाला, आणि आम्ही त्याला ‘ढ’ म्हणायचो. मेळाव्यांना तो कधी आला नाही. फोनवर वर्णन ऐकताच म्हणाला, “अरे, शंकू तो. फेकू नका, मी येतो.”

शंकू म्हटल्यावर आम्हाला भूमितीतला निमुळता शंकू आठवला. संस्कृतात शंकू म्हणजे खुंटीसुद्धा. काठी जमिनीत रोवून तिच्या डोक्यावर ठोकळा बसवला की नाव पटते. मित्राने मैदानाच्या एका टोकाला झेंडी रोवली, तिच्या रोखाने साखळी सरळ टाकली आणि साखळीवर शंकू उभा केला. एका खाचेतून झेंडी दिसली पाहिजे. मग तो साखळीवरच मागे-पुढे सरकत राहिला, दुसऱ्या खाचेतून कुंपणाचा कोपरा दिसेपर्यंत. जिथे दोन्ही दिसले तिथे कोपऱ्यातून साखळीवर टाकलेला लंब पडतो. तो लंब मोजायचा आणि पुढच्या कोपऱ्याकडे जायचे. कितीही वाकडेतिकडे शेत असो, त्याचे काटकोन त्रिकोण आणि समलंब चौकोन पडतात आणि क्षेत्रफळ सातवीच्या गणिताने निघते. खाचा खऱ्या आहेत का, हेही त्याने दाखवले. दोन खाचांच्या रोखात दोन झेंड्या लावून शंकू पाव फेरा फिरवला. दोन्ही झेंड्या पुन्हा खाचांत दिसल्या. “अजून सच्चा आहे,” तो म्हणाला.

या ठोकळ्यामागे आपल्याच मुलखाचा इतिहास आहे. पेशवाईत जमीन काठीने मोजत. पाच हात पाच मुठींची एक काठी, २० काठ्यांचा पांड, २० पांडांचा बिघा. इंग्रजी अमल आल्यावर १८२० च्या दशकाच्या अखेरीस प्रिंगल या अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्याची पाहणी करून सारा बसवला. हिशेब कागदावर बारकाईचा, पण सारा झेपणारा नव्हता. शेतकरी जमिनी टाकून गेले. मग १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून नव्याने सुरुवात केली. शेताला नंबर, हद्दीला खुणा आणि ३० वर्षे न बदलणारा सारा ही त्या पद्धतीची अंगे. १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिचे नियम पक्के झाले आणि ती मुंबई इलाख्यात पसरली. आपण आजही सहज म्हणतो तो ‘सर्व्हे नंबर’ तिथला. गुंठाही याच साखळीचा. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जमीन म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. आणि साखळीचे भाग १६ का, तर रुपयाचे आणे १६ म्हणून. साखळीच्या त्या भागाला आणाच म्हणत.

हे मित्र सांगत होता आणि मला आमच्या घरातला एक कागद आठवत होता.

माझे वडील आणि चुलते एका बांधावरून अकरा वर्षे एकमेकांशी बोलले नाहीत. दोघांकडे एकाच टिपणाची नक्कल होती. त्यावर शेताची वाकडी आकृती, मधून एक रेघ आणि रेघेवर ‘३-१२’ असे आकडे. दोघेही तो कागद दाखवून म्हणायचे, “इथं लिहिलंय.” काय लिहिले आहे ते दोघांनाही वाचता येत नव्हते. दोघेही गेले. कागद माझ्या कपाटात राहिला.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी मी तो घेऊन आलो. माझा चुलतभाऊही याच शाळेचा, माझ्या मागच्या बॅचचा. त्यालाही बोलावून घेतले. मित्राने कागद बाकावर पसरला. मधली रेघ म्हणजे साखळी टाकलेली ओळ. तिच्यापासून फुटणाऱ्या आडव्या रेघा म्हणजे शंकूने काढलेले लंब. ‘३-१२’ म्हणजे तीन साखळ्या बारा आणे. चुलतभावाने वहीत हिशेब केला. तीन साखळ्यांचे ९९ फूट, बारा आण्यांचे पावणेपंचवीस. एकूण १२३ फूट ९ इंच. “एवढंच होतं?” तो म्हणाला. मी काहीच बोललो नाही. बांध हलवायचा की नाही हे सरकारी मोजणीने ठरेल, आणि त्यासाठी आम्ही दोघांनी मिळून अर्ज केला आहे. एकाच अर्जावर आमच्या दोन्ही घरांच्या सह्या इतक्या वर्षांत पहिल्यांदाच झाल्या.

मित्र जाताना म्हणाला की हद्दीचा वाद आला की आजही मूळ टिपण काढावे लागते. आता मोजणी यंत्राने होते, नोंद हेक्टर-आरमध्ये असते, पण जुना कागद साखळी-आण्यांतच बोलतो आणि तो वाचणारे कमी होत चालले आहेत. ज्याला आम्ही ‘ढ’ म्हटले, त्याने तीस वर्षे गावोगावच्या भावाभावांना हा कागद वाचून दाखवला होता. त्याची माफी मागायचे राहून गेले होते. ती येथे, सर्वांसमक्ष मागतो.

प्रदर्शनात शंकू आणि साखळी आता एकाच टेबलावर ठेवली आहेत. यादी करताना आम्ही त्यांची ताटातूट केली, म्हणून दोन्ही मुकी झाली होती. वस्तू क्रमांक १४ पुढची जागा भरली आहे: ‘शंकू. जमीन मोजताना काटकोन काढण्याचे साधन. शेतकी वर्ग.’ प्रदर्शन पाहायला याल तेव्हा घरातले जुने टिपण असेल तर सोबत आणा. आमचा मित्र दोन्ही दिवस त्या टेबलापाशी बसणार आहे.