‘परिस्थितीचा वकील’ : लुई ब्रँडाइस यांची व्यापारी वकिली (१८७९ ते १९१६)

प्रस्तावना

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणाचा हक्क हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. त्या निकालपत्रात १८९० साली ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लेखाची दखल घेण्यात आली आहे. सॅम्युअल वॉरन आणि लुई ब्रँडाइस हे त्या लेखाचे लेखक. आपल्याकडील विधी महाविद्यालयांत ब्रँडाइस यांचे नाव येते ते बहुधा या लेखाच्या निमित्ताने किंवा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती म्हणून. परंतु न्यायासनावर बसण्यापूर्वी सुमारे सदतीस वर्षे ते बोस्टन शहरात कारखानदार, व्यापारी आणि त्यांच्या कंपन्या यांची वकिली करीत होते, याकडे सहसा लक्ष दिले जात नाही.

प्रस्तुत लेखात ब्रँडाइस यांच्या या वकिलीचा विचार केला आहे. अशिलाच्या व्यवसायात इतके खोल शिरावयाचे की त्याचे हित कशात आहे हे त्याच्यापेक्षा आपल्याला अधिक कळावे, अशी त्यांची रीत होती. तिनेच त्यांना यश दिले आणि तिच्यामुळेच १९१६ साली त्यांच्यावर विश्वासघाताचे आरोप झाले. या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

जडणघडण

ब्रँडाइस यांचा जन्म १३ नोव्हेंबर १८५६ रोजी केंटकी राज्यातील लुईव्हिल येथे झाला. १८४८ च्या युरोपातील क्रांत्या फसल्यानंतर प्राग सोडून अमेरिकेत आलेल्या ज्यू कुटुंबातील हे मूल. वडील अ‍ॅडॉल्फ धान्याचे मोठे व्यापारी होते. मामा लुईस डेम्बिट्झ वकील होते, गुलामगिरीचे कडवे विरोधक होते आणि १८६० साली लिंकन यांना उमेदवारी देणाऱ्या अधिवेशनाचे प्रतिनिधीही होते. या मामांवरील भक्तीमुळे लुई यांनी आपले मधले नाव ‘डेव्हिड’ बदलून ‘डेम्बिट्झ’ असे केले. घरात धान्याचे भाव, उधारी आणि वाहतूक यांची चर्चा, तर आजोळी कायदा आणि राजकारण. ब्रँडाइस यांच्या पुढील आयुष्याची दोन सूत्रे येथेच दिसतात.

१८७२ साली मंदीची चाहूल लागताच वडिलांनी व्यापार आवरता घेतला आणि कुटुंब युरोपात गेले. ड्रेस्डेन येथील शाळेत शिक्षण घेऊन लुई १८७५ मध्ये हार्वर्डच्या विधी विद्यालयात दाखल झाले. तेथे अधिष्ठाते लँगडेल यांनी निकालांच्या अभ्यासातून कायदा शिकविण्याची पद्धत नुकतीच रुजविली होती. डोळ्यांच्या विकारामुळे ब्रँडाइस यांना फार वाचणे शक्य नसे. सहाध्यायी वाचून दाखवीत आणि ते ऐकून लक्षात ठेवीत. १८७७ साली त्यांनी सर्वोच्च गुण मिळविले, पण वयाची एकवीस वर्षे पूर्ण झालेली नसल्यामुळे पदवीसाठी विद्यापीठाला नियमाला अपवाद करावा लागला.

सेंट लुईस येथील अल्पशा वकिलीनंतर १८७९ मध्ये वर्गमित्र वॉरन यांच्यासह त्यांनी बोस्टन येथे पेढी काढली. वॉरन कुटुंबाचे कागदाचे कारखाने होते. त्या ओळखीतून कागद, चामडे आणि पादत्राणे यांच्या उत्पादकांची वकीलपत्रे पेढीकडे येऊ लागली. बोस्टनच्या जुन्या प्रतिष्ठित घराण्यांची दारे ज्यू तरुणाला सहजी उघडत नसत. तरीही १८९० च्या सुमारास, म्हणजे वयाच्या चौतिसाव्या वर्षी, त्यांचे वार्षिक उत्पन्न ५० हजार डॉलरच्या घरात गेले होते. त्या काळी बहुतेक अमेरिकी वकिलांना वर्षाला ५ हजार डॉलरही मिळत नसत.

अशिलाचा धंदा जाणणे

हे यश न्यायालयातील वक्तृत्वाचे नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत वकिलीचे केंद्र न्यायालयाकडून कचेरीकडे सरकत होते. कंपन्या वाढल्या, भांडवल मोठे झाले आणि खटला जिंकून देणाऱ्यापेक्षा खटला होऊच न देणाऱ्या सल्लागाराची किंमत वाढली. ब्रँडाइस यांनी ही गोष्ट लवकर ओळखली. १८९३ साली आपल्या पेढीतील तरुण वकील विल्यम डनबार यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी बजावले होते की निकालांचे ज्ञान आणि तर्कशक्ती या केवळ दासी होत. माणसांच्या गरजा आणि व्यवहार यांचे सखोल ज्ञान हीच खरी चालक शक्ती होय. अशिलावर छाप पडते ती वकिलाच्या कायद्याच्या ज्ञानापेक्षा वस्तुस्थितीच्या ज्ञानाने, अशी त्यांची धारणा होती.

त्यांची कचेरी साधी होती. अशिलाने फार काळ गप्पा मारीत बसावे अशी सोय तेथे नव्हती. पैसा ते बचतीत व सुरक्षित रोख्यांत ठेवीत आणि शेअरबाजारापासून दूर राहत. कोणा एका धनाढ्याचा पगारी वकील होण्यापेक्षा आपले अनेक अशील असावेत, ही त्यांची इच्छा होती. नको असलेल्या कामाला नकार देण्याची ताकद याच काटकसरीतून आली, हे त्यांच्या चरित्राचे वाचन करताना लक्षात ठेवावयास हवे.

१८९२ च्या होमस्टेड येथील पोलाद कामगारांच्या संपाने त्यांच्या विचारांना धक्का दिला. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत देण्यासाठी त्यांनी व्यापारी कायद्यावरील व्याख्याने तयार केली होती. या संपात झालेल्या रक्तपातानंतर ती टिपणे त्यांना निरुपयोगी वाटली आणि त्यांनी नव्याने लिहावयास घेतले.

या वृत्तीचे उत्तम उदाहरण म्हणजे विल्यम मॅकएल्वेन या पादत्राणे-उत्पादकाचे प्रकरण. १९०२ साली मजुरी कमी करण्यावरून त्यांच्या कारखान्यात तंटा उभा राहिला. आपल्या कामगारांना चांगली मजुरी मिळते, असे मालकाचे म्हणणे होते आणि ते खोटे नव्हते. ब्रँडाइस यांनी विचारले, ही मजुरी वर्षातील किती दिवस मिळते? हंगाम संपला की कामगार घरी बसत आणि दिवसाच्या चांगल्या मजुरीला वर्षाच्या हिशेबात फारसा अर्थ उरत नसे. कामगार संघटनेचे अध्यक्ष जॉन टोबिन यांचे म्हणणे ऐकून घेऊन ब्रँडाइस यांनी स्वतःच्या अशिलाला सांगितले की या मुद्द्यावर कामगारांचेच खरे आहे. मागणी आगाऊ नोंदवून वर्षभर काम पुरेल अशी व्यवस्था त्यांनी सुचविली. मॅकएल्वेन यांनी ती स्वीकारली आणि त्यातून कारखान्याचाही फायदा झाला.

येथे वकिलाने कायद्याचे एकही कलम वापरले नाही, हे विशेष. त्याने अशिलाच्या जमाखर्चात अशिलालाच न दिसलेली गोष्ट दाखविली. मात्र एक प्रश्न उरतो. मॅकएल्वेन यांनी तो सल्ला मानला नसता तर?

जनतेचा वकील

४ मे १९०५ रोजी हार्वर्ड येथे दिलेल्या व्याख्यानात ब्रँडाइस यांनी आपल्या व्यवसायबंधूंवर टीका केली. समर्थ वकील मोठ्या कंपन्यांचे अंकित झाले असून लोकांच्या रक्षणासाठी आपली शक्ती वापरण्याचे कर्तव्य विसरले आहेत, असा तिचा आशय होता. याच वर्षी विमा कंपन्यांतील गैरव्यवहार उघडकीस आल्यावर त्यांनी विमेदारांच्या समितीचे काम फी न घेता केले. त्यातूनच मॅसॅच्युसेट्समधील बचत बँकांना स्वस्त आयुर्विमा विकण्याची परवानगी देणारा १९०७ चा कायदा झाला. १९०८ साली म्युलर खटल्यात स्त्रियांच्या कामाच्या तासांवरील मर्यादेचे समर्थन करताना त्यांनी शंभराहून अधिक पृष्ठांचे निवेदन सादर केले. त्यात कायद्याचा युक्तिवाद जेमतेम दोन पृष्ठांचा होता. बाकी सारी आरोग्याची आणि श्रमाची माहिती होती. व्यापारी वकिलीत कमावलेली सवयच येथे न्यायालयापुढे आली. सार्वजनिक कामात खर्च झालेल्या वेळाचा मोबदला ते स्वतःच्या खिशातून पेढीला देत, कारण भागीदारांचे नुकसान त्यांना मान्य नव्हते.

लेनॉक्स प्रकरण

१९०७ साली लिन या गावातील चामडे कमावण्याच्या कारखान्याचे चालक जेम्स लेनॉक्स आर्थिक अडचणीत सापडून ब्रँडाइस यांच्याकडे आले. सोबत एका धनको पेढीचे न्यूयॉर्कमधील वकील मोझेस स्ट्रूक होते. ब्रँडाइस यांनी सर्व मालमत्ता एका विश्वस्ताच्या हाती द्यावी आणि धंदा सावरता आल्यास सावरावा, असा मार्ग सुचविला. आपण राहिलो तर सर्वांनाच न्याय्य वागणूक देण्याचा प्रयत्न करू, असेही त्यांनी सांगितले. विश्वस्त म्हणून त्यांचेच भागीदार जॉर्ज नटर नेमले गेले. पुढे व्यवहार फिसकटला, धनकोंच्या वतीने दिवाळखोरीचा अर्ज झाला आणि त्यात ब्रँडाइस यांच्या पेढीचा सहभाग होता. लेनॉक्स हादरले. ज्याला आपण आपला वकील समजलो तोच समोरच्या बाजूला उभा, अशी त्यांची भावना झाली.

त्यांनी बोस्टनचे नामांकित वकील शर्मन व्हिपल यांना गाठले. तुम्ही नेमके कोणाचे वकील होता, असे व्हिपल यांनी विचारले तेव्हा ब्रँडाइस यांनी आपण परिस्थितीचे वकील होतो, असे उत्तर दिले. हे शब्द पुढे अमेरिकी विधी-साहित्यात वादाचा विषय होऊन राहिले.

या उत्तराची थट्टा करणे सोपे आहे. पण आपल्याकडे तालुक्याच्या गावी भावाभावांना समोरासमोर बसवून वाटणी लावून देणारा घरचा वकील अपरिचित नाही, आणि त्याला कोणी विश्वासघातकी म्हणत नाही. फरक इतकाच की तेथे सर्वांना ठाऊक असते की तो सर्वांचा आहे. लेनॉक्स यांना ते ठाऊक नव्हते, किंवा अडचणीच्या त्या क्षणी सांगितलेले उमजले नव्हते. बुडत्या माणसाला एकदा सांगून भागत नाही. ब्रँडाइस यांची चूक लोभाची नव्हती. आपल्याला जे स्पष्ट दिसते ते समोरच्यालाही दिसत असेल, हे त्यांनी गृहीत धरले.

‘युनायटेड शू मशिनरी’ या कंपनीचे प्रकरण वेगळ्या तऱ्हेचे होते. पादत्राणांची यंत्रे न विकता भाडेपट्ट्याने देणारी आणि भाडेकरूंना आपलीच अन्य यंत्रे घेण्यास बांधून ठेवणारी ही कंपनी. ब्रँडाइस १८९९ पासून तिचे संचालक व वकील होते आणि १९०६ मध्ये राज्य विधिमंडळापुढे त्यांनी याच भाडेपट्ट्यांचे समर्थन केले होते. त्या वर्षाअखेर ते संचालकपदावरून दूर झाले, १९०७ मध्ये वकीलपत्रही सोडले, आणि १९११ पासून त्याच भाडेपट्ट्यांविरुद्ध उत्पादकांना सल्ला देऊ लागले. मत बदलण्याचा अधिकार कोणालाही असतो. परंतु अशिलाच्या घरात बसून मिळविलेल्या ज्ञानाचे काय करावयाचे, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर त्यांच्या समर्थकांनाही देता आलेले नाही.

सिनेटपुढे

२८ जानेवारी १९१६ रोजी अध्यक्ष विल्सन यांनी ब्रँडाइस यांचे नाव सर्वोच्च न्यायालयासाठी सुचविले आणि हे सारे जुने कागद सिनेटच्या उपसमितीपुढे आले. कंपनीचे अध्यक्ष विन्स्लो यांनी आरोप केले. माजी राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांच्यासह अमेरिकन बार असोसिएशनच्या सात माजी अध्यक्षांनी ते या पदास योग्य नाहीत, असे लिहून दिले. उलट हार्वर्ड विधी विद्यालयाच्या अकरांपैकी नऊ प्राध्यापकांनी पाठिंबा दिला. विरोधाच्या मुळाशी न्यू हेवन रेल्वेशी त्यांनी दिलेल्या झुंजीचा राग होता आणि ज्यूद्वेषही होता. पण सर्वच आक्षेप द्वेषाच्या खात्यावर मांडणे इतिहासाला धरून होणार नाही. व्हिपल यांची साक्ष कडवट नव्हती, आणि म्हणूनच ती गांभीर्याने घ्यावी लागते. १ जून १९१६ रोजी ४७ विरुद्ध २२ मतांनी नियुक्तीवर शिक्कामोर्तब झाले.

असोसिएशनने १९०८ साली केलेल्या व्यवसायनीतीच्या नियमांत परस्परविरोधी हितसंबंधांसाठी सर्व संबंधितांची स्पष्ट संमती आवश्यक मानली होती. लेनॉक्स यांचा व्यवहार त्याच्या आधीच्या वर्षीचा. १९८३ च्या आदर्श नियमावलीत अनेक अशिलांमध्ये मध्यस्थ म्हणून काम करणाऱ्या वकिलासाठी स्वतंत्र नियम करण्यात आला, तेव्हा ब्रँडाइस यांच्या भूमिकेला जणू उशिरा मान्यता मिळाली. २००२ साली तो नियम वगळण्यात आला आणि असा प्रसंग हितसंबंधांच्या संघर्षाच्या सर्वसाधारण नियमाखाली आणला गेला. त्यानुसार प्रत्येक अशिलाची माहितीपूर्वक दिलेली संमती लेखी नोंदवावी लागते. लेनॉक्स प्रकरणी सिनेटपुढे आले ते मालमत्तेचे हस्तांतरण आणि लघुलेखकाने टिपून ठेवलेला एक संवाद.