दूरचा टॉवर, जवळचा फोन

मुंबईहून अहमदाबादेकडे जाणारा महामार्ग दहिसर ओलांडून काशीमीऱ्यास येतो आणि थोडे पुढे ठाण्याचा घोडबंदर रस्ता त्यास मिळतो. काशी व मीरा या दोन गावांच्या नावांनी ओळखले जाणारे हे ठिकाण २००२ साली मीरा-भाईंदर महानगरपालिकेत आले. एका अंगास डोंगर व रान, दुसऱ्या अंगास इमारतींची रांग, आणि गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी मोबाइलचा टॉवर, असे येथले दृश्य आहे. असा टॉवर उभारण्याची वेळ आली की गृहनिर्माण संस्थेच्या सभेत दोन पक्ष पडतात. भाड्यातून देखभालीचा खर्च निघेल, असे एक पक्ष म्हणतो. मुलाबाळांस कर्करोग होईल, असे दुसरा म्हणतो. हे भय आले कोठून, याचा इतिहास आम्हांस येथे थोडक्यात पाहावयाचा आहे.

रेडिओलहरी काही नव्या नव्हेत. १८८८ साली हर्ट्झने त्यांचे अस्तित्व सिद्ध केले. १८९५ साली कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनी भिंतीपलीकडे लहरी पाठवून घंटा वाजवून दाखविली. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले, तेव्हापासून या लहरी आमच्या घरांतून अष्टौप्रहर जात आहेत. त्यांचे भय कोणास वाटले नाही. लोकांनी हौसेने रेडिओ घेतले.

मग बदलले काय? आमच्या मते, बदलाचे एक कारण शब्दात आहे. मोबाइल टॉवरसंबंधी लिहिताना वृत्तपत्रांनी 'किरणोत्सर्ग' हा शब्द वापरला. हा शब्द मूळचा रेडियमचा व युरेनियमचा. याच महामार्गाने उत्तरेस गेल्यावर तारापूर लागते. तेथील अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले, त्याच्या संदर्भात हा शब्द योग्य होय. किरणोत्सर्गी द्रव्यातून निघणारे किरण शरीरातील रेणूंचे बंध तोडू शकतात. फोनच्या लहरींत तेवढी ऊर्जा नसते. त्या प्रबळ असल्या तर शरीराचा भाग तापवितात, आणि सुरक्षिततेच्या मर्यादा मुख्यतः या तापण्यावरच बेतलेल्या आहेत. एकाच शब्दाने दोन निराळ्या गोष्टी सांगितल्या गेल्या आणि एकीचे भय दुसरीस चिकटले.

आता सनावळी पाहू. ३१ जुलै १९९५ रोजी भारतात मोबाइलवरील पहिले संभाषण झाले. त्या काळी फोन ऐकणाऱ्यासही पैसे पडत. २००३ साली ते बंद झाले आणि फोन हातोहाती गेला. २००८ साली सरकारने आंतरराष्ट्रीय मर्यादा स्वीकारल्या. मे २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या लहरींना 'कर्करोगास कारण होण्याची शक्यता' असलेल्या गटात घातले. याचा अर्थ कारण सिद्ध झाले असा नव्हे. पुरावा तोकडा आहे, पण नाकारताही येत नाही, असा होता. १ सप्टेंबर २०१२ पासून भारताने टॉवरची मर्यादा एक दशांशावर आणली आणि फोनसाठी दर किलो वजनामागे १.६ वॅट ही सीमा ठरविली. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने ग्वाल्हेरच्या एका रुग्णाच्या तक्रारीवरून एक टॉवर बंद करण्याचा आदेश दिला. पुढे २०२४ साली त्याच आरोग्य संघटनेने करविलेल्या अभ्यासपरीक्षणात फोनचा वापर व मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही.

या इतिहासात एक विसंगती आहे. आमची दृष्टी सदैव टॉवरवर राहिली, कानाला लावलेल्या फोनवर नाही. अंतर दुप्पट झाले की लहरींची तीव्रता साधारण चौथाईवर येते. म्हणून गच्चीवरच्या टॉवरपेक्षा कानाशी दाबून धरलेल्या फोनच्या लहरी डोक्यास सहसा अधिक लागतात. शिवाय टॉवर दूर असला, मध्ये डोंगर आला किंवा आपण लिफ्टमध्ये असलो, तर संपर्क टिकविण्यासाठी फोन आपली शक्ती वाढवितो. टॉवर हटविणाऱ्या सोसायटीने हे ध्यानात घेतलेले बरे. टॉवर दूर गेला की प्रत्येकाच्या कानाशी असलेला फोन अधिक जोराने काम करू लागेल.

तेव्हा काळजी घ्यावयाची तर ती सोपी आहे. लांबलचक बोलणे इअरफोनवर किंवा स्पीकरवर करावे. संपर्क क्षीण असता थोडक्यात आटपावे. रात्री फोन उशाखाली न ठेवता हातभर दूर ठेवावा. फोनवर *#०७# दाबले असता त्याचा आकडा दिसतो, तो विकत घेतानाच पाहावा. यात भिण्याचे काही नाही. उन्हात छत्री घेण्याइतकीच ही खबरदारी आहे.

फोनचा सिद्ध झालेला धोका मात्र गच्चीवर नाही, खाली रस्त्यावर आहे. वाहन चालविताना फोन वापरणाऱ्यास अपघाताचा संभव सुमारे चौपट असतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. टॉवरविरुद्धच्या अर्जावर सही करून, तोच फोन कानाला लावून काशीमीऱ्याच्या नाक्यावरून दुचाकी हाकणारा गृहस्थ आम्ही पाहिला आहे. त्याने आधी फोन खिशात ठेवावा, मग टॉवरची चर्चा करण्यास आम्ही तयार आहोत.