सोनाखानचा डोंगर

सह्याद्रीच्या कुशीत वाढलेल्या माणसाची रायपुरास बदली झाली म्हणजे त्याला पहिली उणीव भासते ती डोंगराची. दृष्टी पोहोचेल तेथवर भाताची सपाट खाचरे. आणि वैशाखात तीच भेगाळून ओसाड पडली, की आपण वाळवंटात तर आलो नाही ना, अशी शंका यावी. आम्ही कचेरीतील चार मराठी मंडळी एका दिवसात चढून परतता येईल असा डोंगर शोधीत होतो. तो सोनाखानास सापडला, आणि त्याच्यासवे इतिहासाचे एक पानही.

मार्गशीर्षातील एका रविवारी पहाटेच निघालो. बलौदाबाजार मागे टाकून महानदी ओलांडली की कसडोल लागते. पुढे भूमी उंचसखल होते आणि साग, बांबू, तेंदू, मोह यांचे रान सुरू होते. सोनाखानच्या पाठीशी कुर्रूपाटचा डोंगर आहे. चढण खडकाळ, अर्ध्या वाटेवरच आमच्या कारकुनी पायांनी तक्रार मांडली!

हा मुलूख आपणांस सर्वस्वी परका नव्हे. बिंबाजी भोसले १७५८ पासून रतनपुरास राहून छत्तीसगडचा कारभार पाहत. तेथील टेकडीवर त्यांनी राममंदिर उभारले. ती टेकडी आज रामटेकरी म्हणून ओळखली जाते. रामटेकची आठवण त्यांनाही दूरदेशी येत असली पाहिजे. पुढे १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि हा प्रदेश कंपनी सरकारकडे गेला.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १८५६ मध्ये, येथे दुष्काळ पडला. सोनाखानचा जमीनदार नारायणसिंह हा बिंझवार आदिवासी. प्रजा अन्नान्न करीत असता कसडोलच्या एका व्यापाऱ्याची कोठारे धान्याने भरलेली होती. नारायणसिंहाने ती उघडून धान्य लोकांत वाटले. विशेष हे, की केलेले कृत्य त्याने लपविले नाही. रायपूरच्या डेप्युटी कमिशनरास स्वतःच कळविले. व्यापाऱ्याचीही तक्रार गेली. इलियटसाहेबाने दुष्काळाची नव्हे, लुटीची दखल घेतली. ऑक्टोबर १८५६ मध्ये नारायणसिंह पकडला गेला.

ऑगस्ट १८५७ मध्ये तो रायपूरच्या तुरुंगातून निसटला आणि सोनाखानास त्याने सुमारे पाचशे माणसे जमविली. लेफ्टनंट स्मिथ फौजेसह आला. शेजारच्या काही जमीनदारांनी साहाय्य केले ते स्मिथला! ओस पडलेले गाव त्याने जाळले. नारायणसिंह याच डोंगरावर होता. प्रजेचे अधिक हाल होऊ नयेत म्हणून तो स्वाधीन झाला, असे सांगतात. १० डिसेंबर १८५७ रोजी रायपुरात त्याला मृत्युदंड देण्यात आला.

१९८७ मध्ये त्याच्या स्मरणार्थ निघालेल्या टपाल तिकिटावर तो तोफेपुढे बांधलेला दिसतो. सरकारी कागद मात्र फाशीचा उल्लेख करतात. स्थळ म्हणून जयस्तंभ चौक दाखवितात. तो चौक आम्ही कचेरीला जाता-येता नित्य ओलांडतो.

माथ्यावर शिदोरी सोडताना आमच्यापैकी कोणीच फारसे बोलले नाही. आलेल्या पत्रांवर शेरे लिहिण्यातच आमचे आयुष्य चाललेले. भुकेल्यांसाठी काय केले हे कळविणारे ते पत्र आमच्या मेजावर आले असते, तर आम्ही ते कोणत्या फायलीत लावले असते? उतरताना हाच प्रश्न आमच्यासवे चालत होता. रायपूरकर मराठी बंधूंनी एकदा तरी हा डोंगर चढावा.