लाळग्रंथीतील केराटिन : नलिकांचा आधार आणि ओळख

केराटिन म्हटले की केस आणि नखे डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात हे प्रथिनांचे मोठे कुटुंब आहे. मानवात केराटिनची ५४ जनुके कार्यरत असून, त्यांतील अनेकांचा केसांशी वा नखांशी संबंध नाही. शरीरातील नलिका व पोकळ्यांच्या अस्तरपेशींना आधार देणे, हे त्यांचे काम. लाळग्रंथींच्या नलिका हे त्याचे उत्तम उदाहरण होय.

कानापुढील, जबड्याखालील आणि जिभेखालील अशा प्रमुख लाळग्रंथींच्या तीन जोड्या असतात. त्यांच्यासह तोंडातील असंख्य लहान ग्रंथी मिळून दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ स्रवतात. ग्रंथीतील पेशींच्या पुंजक्यांत तयार झालेली लाळ नलिकांतून तोंडात येते. वाटेत नलिकापेशी त्यातील सोडियम व क्लोराइड शोषून घेतात आणि पोटॅशियम व बायकार्बोनेट सोडतात. त्यामुळे लाळ रक्तद्रवाइतकी खारट राहत नाही.

हे काम करणाऱ्या पेशींचा आकार टिकवतात ते केराटिनचे तंतू. त्यांची जाडी सुमारे १० नॅनोमीटर असते. आम्लधर्मी व आम्लारिधर्मी अशा दोन प्रकारच्या केराटिनची जोडी जुळल्याखेरीज तंतू बनत नाही. पेशींना परस्परांशी जोडणाऱ्या सांध्यांत हे तंतू रोवलेले असतात. हा आधार ढळला तर काय होते, हे त्वचेत दिसते. केराटिन ५ किंवा १४ यांच्या जनुकांत दोष असल्यास किरकोळ घर्षणानेही अंगावर फोड येतात.

नलिकेच्या थरांनुसार केराटिन बदलते. पोकळीकडील पेशींत प्रामुख्याने ७, ८, १८ व १९ क्रमांकांची, तर तळाच्या पेशींत ५ व १४ क्रमांकांची केराटिन आढळतात. विकृतिशास्त्रज्ञांना हा फरक उपयोगी पडतो. गाठीचा तुकडा विशिष्ट प्रतिपिंडांनी रंगवला की ती कोणत्या प्रकारच्या पेशींपासून उद्भवली असावी, याचा अंदाज बांधता येतो. मात्र निदानासाठी ही एकच खूण पुरेशी नसते.

या संशोधनाला रुग्णांच्या दृष्टीनेही महत्त्व आहे. तंबाखूच्या सेवनामुळे भारतात तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळतात. डोके व मानेच्या भागावर किरणोपचार केल्यावर लाळ निर्माण करणाऱ्या पेशी नष्ट होऊन अनेकांचे तोंड कायमचे कोरडे पडते. मग घास गिळणे कठीण होते, चव हरवते आणि दात वेगाने किडतात. २०१० साली उंदरांच्या गर्भातील जबड्याखालच्या ग्रंथीवर केलेल्या संशोधनात, केराटिन ५ असलेल्या पूर्वजपेशींचा साठा मज्जातंतूंच्या संदेशांवर टिकून राहतो, असे आढळले. अशा पेशींकडून ग्रंथीची दुरुस्ती करून घेता येईल का, याचा शोध सुरू आहे. तोपर्यंत किरणोपचारापूर्वी दंतवैद्याकडून तपासणी करून घेणे आणि उपचारांनंतर दातांची नियमित निगा राखणे हिताचे ठरते.